कोकणाकडे तोंड असलेला मुलूख

सर्व्हे ऑफ इंडियाच्या भूपत्रकांत ‘४७ एफ’ या अंकाने ओळखला जाणारा जो एक अंश अक्षांशाचा आणि एक अंश रेखांशाचा चौकोन आहे, त्याचे सोळा भाग पाडून प्रत्येकाचे स्वतंत्र पत्रक काढलेले असते. आणि या सोळांपैकी ११, १२, १५ व १६ या चार पत्रकांचे कोपरे ज्या बिंदूत एकमेकांस भिडतात, तो बिंदू राजगडाच्या पूर्वेस चार-पाच मैलांवर पडतो. हा छेद कोणी योजून दिलेला नाही, तो निव्वळ गणिताने आला. परंतु त्याचा परिणाम असा झाला की तोरणा आणि त्याच्या पायथ्याचे वेल्हे एका पत्रकात गेले, राजगडाचा बालेकिल्ला त्याच्या खालच्या पत्रकात, नसरापूर तिसऱ्यात आणि भोर शहर चौथ्यात. ज्या दोन गडांचे बुरूज एकमेकांकडे पाहत उभे आहेत ते कागदावर विभक्त झाले, आणि या मुलखाचा पूर्वेतिहास पाहू इच्छिणाऱ्यास वाचनाला बसण्यापूर्वी खळ घेऊन चार कागद जोडावे लागले.

या पत्रकांच्या जुन्या आवृत्त्या मैलास एक इंच या प्रमाणाच्या आहेत. पन्नास पन्नास फुटांच्या अंतराने ओढलेल्या तपकिरी समोच्च रेषा, वस्तीसाठी तांबडा रंग, वहिवाटीच्या जमिनीसाठी पिवळा, रानासाठी हिरवा, बारमाही पाण्यासाठी निळा आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यांसाठी काळी रेघ, असा त्यांचा संकेत. आणि ज्याने वैशाखात केळद-पासलीच्या बाजूस हंडाभर पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या बायका पाहिल्या आहेत त्याला, वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस जेथे कोसळतो त्या घाटमाथ्याच्या कागदावर काळ्या रेघांचीच दाटी का, हे निराळे सांगावे लागत नाही. डोंगराच्या शेंड्यावर त्रिकोण आणि त्यापुढे उंचीचा आकडा, गावाशेजारी टपालकचेरीची आद्याक्षरे, देवळाची, विहिरीची, किल्ल्याची खूण, एवढे सर्व आहे. मनुष्य मात्र या कागदावर कोठेही नाही. पाटील कोण, कुलकर्ण कोणाकडे, मिरास कोणाची आणि इनाम कोणाचे, याच्याशी मोजणीदारास कर्तव्य नव्हते. त्याला वाट, चढ, पाणी आणि उंची एवढेच हवे होते. जुन्या दफ्तरांत नेमके याच्या उलट आहे. तेथे माणसे, हक्क, तंटे आणि वसूल यांची इतकी गर्दी असते की ज्या भूमीवर हे सारे घडले तिला चढउतार आहेत, हे वाचणारा विसरून जातो. दोन्ही साधने एकांगी आहेत, आणि म्हणूनच एकमेकांच्या उपयोगी पडतात.

जोडलेली पत्रके भिंतीवर लावून दोन पावले मागे सरले म्हणजे पहिल्याने नजरेत भरते ती वाटांची दिशा. आज पुण्याहून निघणाऱ्याच्या मनात वेल्हे म्हणजे रस्त्याचे टोक, आणि त्यापलीकडचे केळद वा हारपूड म्हणजे टोकाचेही टोक, असा पक्का ग्रह असतो. जुन्या पत्रकात हा ग्रह टिकत नाही. तुटक रेघांच्या पाऊलवाटा आणि त्यांहून ठळक अशा लादणीच्या जनावरांच्या वाटा खोऱ्याखोऱ्यांतून पश्चिमेकडे चढत जातात, सह्याद्रीच्या धारेवर एकत्र येतात आणि तेथून एकेका घाटाने वा नाळेने खाली उतरतात: केळदजवळचे मढे घाट आणि उपांडे घाट, त्यांच्या दक्षिणेस शिवथरच्या खोऱ्यात उतरणारा गोप्या घाट, उत्तरेस मोहरी आणि सिंगापूर यांच्या पठारावरून सुटणाऱ्या बोराट्याच्या व सिंगापूरच्या नाळा, आणि भोरहून महाडास जाणारा वरंधा घाट. पूर्वेकडच्या वाटा यांच्या मानाने विरळ दिसतात. माझे म्हणणे एवढेच आहे की भोर-वेल्ह्याचा मुलूख हा पुणे जिल्ह्याचा आडकोपरा म्हणून वाचावयास घेतला की त्याचा इतिहास लागत नाही. तो घाटवाटांचा मुलूख होता, त्याचे तोंड कोकणाकडे होते, आणि ते पूर्वेकडे वळविण्याचे काम गेल्या दोनशे वर्षांत रस्त्यांनी, संधिपत्रांनी आणि धरणांनी मिळून केले.

मावळांची नावे आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतो ती एखाद्या स्तोत्रातील नामावळीसारखी, एका श्वासात. पत्रकावरील समोच्च रेषांवर ती नावे बसवून पाहावीत. हिरडस मावळ म्हणजे नीरेचे वरचे खोरे. वेळवंड खोरे म्हणजे वेळवंडी नदीचे. गुंजण मावळ गुंजवणीचे, कानद खोरे कानंदीचे, मुसे खोरे मोसे नदीचे. प्रत्येक तर्फेची हद्द पाणलोटाच्या धारेवरून चालते, आणि दोन देशमुखांचा मुलूख जेथे भेटतो तेथे बहुधा एक खिंड असते. हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ, मुसे खोऱ्यात पासलकर, रोहिड खोऱ्याच्या बाजूस उत्रौलीचे खोपडे आणि कारीचे जेधे. डोंगराच्या कुशीत आपापले पाणी आणि आपापली खिंड धरून बसलेल्या या घराण्यांना आदिलशाही फर्माने ज्या सहजतेने कागदावर आज्ञा करीत, त्या सहजतेने प्रत्यक्षात करू शकत नसत, याचे कारण एरवी शौर्याच्या वर्णनात हरवून जाते. १६५९ मध्ये अफजलखान वाईच्या बाजूस उतरला तेव्हा खंडोजी खोपडे त्यास मिळाला आणि कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांच्या पायाशी राहिले. उत्रौली आणि कारी ही गावे १६ अंकाच्या पत्रकात एकमेकांपासून दूर नाहीत. हे शेजार लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे मोल वाढते. कारण ज्याच्या विरुद्ध उभे राहावयाचे तो परका नव्हता, डोंगराच्या त्याच रांगेच्या सावलीतला भाऊबंद देशमुख होता.

याच पत्रकांच्या पश्चिमेस आठव्या अंकाचे पत्रक जोडले म्हणजे रायगड हाती येतो. राजगडाच्या बालेकिल्ल्यापासून रायगडाच्या माथ्यापर्यंत पट्टी ठेवून पाहावी. अंतर सोळा इंच, म्हणजे सोळा मैल भरते. आज मोटारीने हा प्रवास करू जाणाऱ्यास नसरापूर, भोर, वरंधा, महाड असा याच्या कितीतरी पट वळसा पडतो, आणि त्यामुळे राजगडाहून राजधानी रायगडास नेणे म्हणजे देशावरून उठून कोकणात बिऱ्हाड करणे, असे काहीसे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः मधे सह्याद्रीची एकच धार आहे आणि तिच्यावर नेहमीच्या वहिवाटीच्या वाटा आहेत. सुमारे पाव शतक जो कारभार राजगडावरून चालला तो घाटाच्या एका बाजूचा नव्हताच. तोरण्याच्या माचीवरून जो रायगड व लिंगाणा दिसतो, तो दृष्टीच्याच नव्हे तर पायाच्याही टप्प्यात होता. सिंहगडावर १६७० मध्ये पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह मढे घाटाने उमरठ्यास नेला, ही केळदकडची परंपरा लेखी पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. परंतु पत्रकावर सिंहगड ते उमरठे ही रेघ धरून पाहिली तर परंपरेने अडचणीची वाट निवडलेली नाही, इतके दिसते. परंपरेच्या बाजूने एवढी साक्ष कमी नाही.

दफ्तराच्या बाजूने पाहू लागलो की पहिले नाव रांझ्याचे. भोर तालुक्यातील हे लहानसे गाव. पत्रकावर त्याचा तांबडा ठिपका शोधावा लागतो. याच मौजे रांझे, कर्यात खेडेबारे, येथील मोकदम बाबाजी भिकाजी गुजर याने बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडण्याची आज्ञा झाली, आणि त्याविषयीचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र हे शिवाजी महाराजांच्या शिक्क्याचे उपलब्ध पत्रांतील अत्यंत आरंभीचे पत्र होय. पत्रात गाव आहे, पद आहे, गुन्हा आहे, शिक्षा आहे, आणि मोकदमी पुढे कोणाकडे जावी याची तजवीजही आहे. गाव डोंगराच्या कोणत्या अंगास बसले आहे हे सांगण्याची लिहिणाऱ्यास आवश्यकता वाटली नाही, कारण वाचणाऱ्यास ते ठाऊक होते. आपल्याला ठाऊक नसते. अण्णाजी दत्तोंच्या वेळच्या जमीनमोजणीत पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचे पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर असे माप धरीत. त्या मोजणीने प्रत्येक थळाची प्रत ठरविली, परंतु चित्र काढले नाही. चित्राच्या जागी शब्दांची चतुःसीमा असे: पूर्वेस अमुक ओढा, दक्षिणेस तमक्याचा बांध, पश्चिमेस वडाचे झाड, उत्तरेस शिवधोंडा. ओढा आजही सापडतो. वडाचे काय झाले ते कोणी सांगत नाही.

आणि हा शिवधोंडा कोठे आहे, शीव कोणत्या टेपावरून कोणत्या दरडीस जाते, हे सांगण्याचा अधिकार ज्याला होता तो गावचा वतनदार महार. शिवेचे भांडण गोतसभेपुढे आले म्हणजे देशमुख-देशपांड्यांच्या कागदाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या साक्षीला वजन असे. तो चालेल ती शीव. पिढ्यानुपिढ्या ज्या समाजास गावाच्या आत राहण्याची मुभा नव्हती, त्याच्याच स्मृतीत गावाची हद्द सुरक्षित होती, ही आपल्या ग्रामव्यवस्थेतील विसंगती मला कोणत्याही महजरापेक्षा अधिक बोलकी वाटते. पुढे वसुली मोजणीची साखळी आली. तेहतीस फुटांची ती साखळी, चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि विंगेट व गोल्डस्मिड यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून घालून दिलेली सर्व्हे नंबरांची पद्धत. टिपण, फाळणी, आकारबंद आणि गावनकाशा असे कागद जेथे जेथे तयार झाले तेथे तेथे शिवेच्या तंट्यात माणसाची साक्ष मागे पडली आणि हद्दीचे दगड पुढे आले. इंचास मैल या प्रमाणाच्या भूपत्रकात शेताचा बांध दिसत नाही, आणि गावनकाशात डोंगर दिसत नाही. तेव्हा अभ्यासकाने गावनकाशा आणि भूपत्रक ही दोन्ही जवळ बाळगावीत हे उत्तम.

राजगड आणि तोरणा १७०४ च्या फेब्रुवारी-मार्चात औरंगजेबाने घेतले. तो सिंहगड हस्तगत करून पूर्वेकडून आला. या मुलखाची पाठ म्हणावी त्या बाजूने. पुढे लवकरच हे गड मराठ्यांनी परत मिळविले, आणि त्या धामधुमीत ज्यांचा हात मोठा होता ते सचिव शंकराजी नारायण हेच भोरच्या पंत सचिव घराण्याचे मूळ पुरुष. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा ताराबाईंच्या पक्षाशी केलेली शपथ आणि छत्रपतींच्या वंशाची निष्ठा या पेचात सापडून शंकराजींनी आपला अंत करून घेतला. अंबवडे येथे त्यांची समाधी आहे. सचिव म्हणजे राज्याच्या कागदपत्रांची तपासणी करणारा अधिकारी. ज्याचे काम दफ्तराचे, त्याच्या वाट्यास महाराष्ट्रातील सर्वांत दुर्गम मुलखांपैकी एक यावा, यात दैवाचा विनोद असेल, किंवा दुर्गम मुलूख हाच त्या काळी दफ्तरास सुरक्षित होता, असेही असेल.

भोर संस्थानचे क्षेत्र सुमारे ९२५ चौरस मैल होते. १८२० मध्ये इंग्रजांशी झालेल्या तहाने ते सातारच्या जहागिरदारांत गणले गेले, आणि सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर त्याचा संबंध सरळ इंग्रज सरकारशी आला. त्याचे पाच तालुके होते. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवन मावळ आणि सुधागड. पैकी विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, आणि सुधागड तर घाटाखाली, पालीच्या बाजूस. संस्थानी काळच्या पत्रकावर हद्दीची रेघ घाट ओलांडून उतरते. ज्यांनी राज्याचे नकाशे जिल्ह्यांच्या सोयीने पाहिलेले आहेत त्यांना ही रचना विस्कळीत वाटेल. परंतु घाटाची वरची आणि खालची बाजू एका हाती ठेवण्याची जी जुनी रीत होती, तिचा हा शेवटचा अवशेष होता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले. सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला, भोर पुण्यात आले, आणि सह्याद्रीची धार ही जिल्ह्याची हद्द ठरली. ज्या रेषेवर वाटा एकत्र येत होत्या तीच रेषा आता दोन कचेऱ्यांच्या दप्तरांना वेगळी करू लागली.

वाटांचे बळ मात्र त्याआधीच ओसरले होते. महाड हे सावित्रीवरील बंदर. तेथून मीठ, सुकी मासळी आणि नारळ बैलांच्या पाठीवर वर येत, आणि वरून नाचणी, तांदूळ, तूप, हिरडा खाली जाई. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी चढली, तेव्हा पुण्याचा कोकणाशी आणि मुंबईशी होणारा व्यवहार एका घाटात एकवटला. बैलाच्या पाठीवरील गोणीला जो घाट चालतो तो गाडीच्या चाकाला चालत नाही, आणि मढे घाटाला चाक कधी लागले नाही. वरंध्याला रस्ता झाला. बाकीच्या वाटा गावकऱ्यांच्या पायांवर राहिल्या. सोयरिकीच्या, बाजारहाटाच्या आणि देवाच्या जत्रांच्या निमित्ताने त्या पुढे कैक वर्षे चालत्या होत्या; मोहरी-सिंगापूरकडच्या माणसाला पुण्यापेक्षा खालचा मुलूख जवळचा, ही स्थिती आत्ताआत्तापर्यंत होती. आता या वाटांवर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे गिरिभ्रमण करणारे तरुण दिसतात. त्यांच्या पाठीवर पिशव्या असतात, आणि पूर्वी या वाटेने मीठ येत होते हे त्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते. वाट चालती ठेवल्याबद्दल तरी त्यांचे ऋण मानावयास हरकत नाही.

या पत्रकांचा खरा उपयोग जेथे कळतो ते वेळवंडीचे खोरे. १८७६-७७ च्या दुष्काळाने मुंबई सरकारचे डोळे उघडले आणि पूर्वेकडील अवर्षणग्रस्त तालुक्यांसाठी नीरेचा कालवा हाती घेण्यात आला. १८८५ मध्ये डावा कालवा वाहू लागला, आणि त्याला पाणी पुरविण्यासाठी वेळवंडीवर भाटघर येथे दगडी धरण बांधून १८९२ मध्ये पुरे झाले. व्हायटिंग नावाच्या इंजिनिअरवरून त्या जलाशयास ‘लेक व्हायटिंग’ म्हणत. ते पाणी पुरेना म्हणून जवळच त्याहून कितीतरी उंच असे नवे धरण आले. एक मैलाहून थोडी अधिक लांबी, १९० फूट उंची. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे नाव त्यास दिले गेले आणि १९२८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तेव्हा जगातील मोठ्या दगडी धरणांत त्याची गणना होत असे.

१९२८ पूर्वीचे पत्रक आणि नंतरचे पत्रक यांवर पारदर्शक कागद ठेवून भरलेल्या जलाशयाची कड जुन्या पत्रकावर उतरविण्याचे काम ज्याने एकदा केले, त्याला स्थलांतर या शब्दाचा अर्थ आकड्यांवाचून कळतो. जुन्या कागदावर पहिल्या जलाशयाच्या वर वेळवंडीच्या दोन्ही काठांना पिवळा पट्टा आहे, तो भातखाचरांचा. त्याच्या कडेने वाट, वाटेवर गावांचे तांबडे ठिपके, आणि ठिपक्यांच्या मागे चढणीवर फिकट मोकळे रान, म्हणजे नाचणी-वरईचे वरकस. नव्या कागदावर पिवळा पट्टा निळा झाला आहे आणि तांबडे ठिपके वरकसात चढले आहेत. नावे तीच राहिली: वेळवंड, कांबरे, पांगारी, कुरुंजी, भुतोंडे. भूमी बदलली. पांढरीचे गाव वर सरकविता येते. काळी वर नेता येत नाही. शंभर दीडशे फूट उंच चढलेल्या गावाला भाताऐवजी नाचणीवर भागवावे लागते, आणि समोरच्या पाण्याकडे पाहत पिण्याच्या पाण्यासाठी झऱ्याची वाट धरावी लागते.

वाटेचेही तेच झाले. खोऱ्याच्या तळातून जी वाट भुतोंड्यास जाई, आणि तेथून अळू दरवाजाने राजगडावर मागच्या बाजूने चढे, तिचा खालचा भाग बुडाला. भुतोंडे हे येसाजी कंकांचे गाव. गड ज्यांच्या घराच्या परसात उभा होता ती माणसे आता जलाशयाच्या टोकाशी पडली आणि भोरच्या बाजारास होडीने किंवा डोंगराच्या पोटातून फेरा घालून जाऊ लागली. ज्या वर्षी उन्हाळा कडक पडतो आणि धरणाचे पाणी तळास जाते, त्या वर्षी वेळवंडचे नागेश्वराचे आणि कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ पाण्याबाहेर येते; वैशाख-ज्येष्ठाचे काही आठवडे लोक चिखल तुडवीत जाऊन दिवा लावतात. देवळाच्या स्थानावरून जुने गाव कोठे होते याचा अंदाज करता येतो, आणि तो जुन्या पत्रकाशी ताडून पाहता येतो; पत्रकातील खूण आणि चिखलातील पायरी यांचा मेळ बसला की मोजणीदाराविषयी मनात आदर उत्पन्न होतो. उन्हातान्हात, झापांत मुक्काम करून, खलाशांच्या मदतीने पाटावर कागद ताणून त्याने जे टिपले ते खरे होते.

लाभ कोणाला झाला हे पाहावयाचे तर चौकोन बदलावा लागतो. बारामती आणि इंदापूर तालुक्याचा बहुतेक भाग ‘४७ जे’ या चौकोनात येतात. डाव्या कालव्याने ते भिजले, १९३८ मध्ये उजवा कालवा फलटण-माळशिरसाकडे गेला, उसाचे मळे उभे राहिले, साखरेचे कारखाने निघाले. एका पत्रकातले खोरे बुडाले आणि दुसऱ्या पत्रकातले माळरान हिरवे झाले. हे चुकीचे झाले असे मी म्हणत नाही. दुष्काळात माणसे मरतात आणि कालव्याने ती वाचतात. परंतु बारामतीच्या इतिहासात भाटघराचे नाव जितके येते तितके वेळवंडचे येत नाही, आणि दोन चौकोन शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज हा हिशेब डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

वेल्ह्याच्या उत्तरेकडे हीच कथा पुढे चालू राहिली. आंबी नदीवरील पानशेतचे धरण बांधून पुरे होण्याच्या बेतात असता १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे शहर पाण्याखाली गेले. त्या दिवसाची आठवण पुण्याला आहे, आणि असणारच. पानशेतच्या वर आंबी खोऱ्यात जी गावे त्या धरणासाठी आधीच उठली होती त्यांची आठवण मात्र जुन्या पत्रकात शोधावी लागते. शेजारच्या मोसे खोऱ्यात वरसगावचे धरण झाले. अलीकडे नीरेवर देवघर आणि कानंदीवर धानेपजवळ गुंजवणी प्रकल्पाचे धरण उभे राहिले. पानशेतच्या जलाशयास तानाजीसागर म्हणतात, वरसगावच्या जलाशयास वीर बाजी पासलकरांचे नाव आहे, आणि भाटघरच्या पाण्याला येसाजी कंकांचे. पासलकर मोसे खोऱ्याचे देशमुख, कंक वेळवंडीच्या उगमाकडचे. ज्यांची खोरी बुडाली त्यांचीच नावे पाण्याला दिली. कृतज्ञता म्हणावी तर आहे, आणि सोयही आहे.

पत्रकाच्या मौनाविषयीही लिहिले पाहिजे. देवराईला त्यात स्वतंत्र खूण नाही. पिढ्यानुपिढ्या कुऱ्हाड न लागलेले ते रान मोजणीदाराच्या कागदावर इतर हिरव्यात मिसळून जाते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरीच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा शोध घेतला तेव्हा त्यांना गावोगाव फिरून विचारावे लागले, कागदावरून काम भागले नाही. पानशेतच्या वरची शिरकाईची राई ही अशाच रायांपैकी एक. धनगरवाडे दिसतात, डोंगराच्या सोंडांवर, एकेकटे. परंतु ते त्या वर्षीचे असतात. गवतासाठी जागा बदलणारी वस्ती छापील कागदावर एका जागी खिळून राहते, आणि पुढच्या आवृत्तीत ती नाहीशी झाली की उजाड झाली असा भ्रम होतो. दफ्तरातील बेचिराख गाव आणि पत्रकातील ओसाड खूण या दोन वस्तू एक समजू नयेत. पहिलीत माणसे पळून गेलेली असतात, दुसरीत बहुधा ती पलीकडच्या पठारावर गेलेली असतात.

ही पत्रके सामान्य माणसास मिळणे बराच काळ सोपे नव्हते. किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील पत्रकांवर निर्बंध होता, आणि वेल्ह्याचा मुलूख त्या पट्ट्यात येई. ज्या गावात जन्म झाला त्याचा नकाशा पाहण्यास सरकारी परवानगी लागावी, हा प्रकार परकी राज्यात शोभला असता. गंमत अशी की अमेरिकेच्या सैन्याच्या नकाशाखात्याने पन्नासच्या दशकात याच पत्रकांच्या आधारे काढलेले लहान प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्व जगास खुले केले, आणि आमच्या गिरिभ्रमण करणाऱ्यांच्या एका पिढीने सह्याद्री त्यांवरून ओळखला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सैन्याची पत्रके निराळी आणि लोकांची निराळी केली, व २०२१ पासून बंधने आणखी सैल झाली. आता अडचण मिळण्याची राहिलेली नाही. अडचण अशी, की नवी आवृत्ती हाती आली म्हणजे जुनी रद्दीत जाते. कित्येक कचेऱ्यांत ती गेलीही. भोर-वेल्ह्यातील एखाद्या शाळेने आपल्या गावाचे १९२८ पूर्वीचे पत्रक मिळवून, भिंतीवर लावून, मुलांकडून आजोबा-आजींना त्यावरील वाटा विचारवून घेतल्या, तर ज्याला मोठमोठे ग्रंथ पुरे पडणार नाहीत असे काही हाती लागेल. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये निघाले तेव्हा इतिहाससंशोधक राजवाडे गावोगावच्या माळ्यांवरून जुन्या कागदांचे रुमाल उतरवीत होते. कारीच्या जेध्यांकडची शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणली. रुमाल पुष्कळ उतरले. वाटांची नोंद उरली आहे.

मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास मान्यता दिली. पुढील आवृत्तीच्या पत्रकात तालुक्याच्या जागी हे नाव येईल तेव्हा संस्थानी काळचे कागद वाचणाऱ्याने थोडे सावध राहावे. कारण पंत सचिवांच्या कारभारात राजगड आणि प्रचंडगड हे दोन निरनिराळे तालुके होते, आणि ज्या तोरण्याच्या पायथ्याशी आजची कचेरी आहे त्याचे नाव त्यांपैकी दुसऱ्याला होते. जुन्या नोंदीतील ‘तालुके राजगड’ हे आजच्या राजगड तालुक्यात शोधावयास जाणारा एका खोऱ्याने चुकेल.